आहेराच्या पिशवीतला कॅमेरा

माझ्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक कार्डावर पहिला फोटो एका कागदाचा असतो. त्यावर जाड पेननं लिहिलेलं असतं, ‘हा कॅमेरा हरवलेला आहे. सापडल्यास कृपया फोन करा,’ आणि खाली माझा नंबर. नवीन कार्ड घातलं की आधी त्या कागदाचा फोटो आणि मग नवरीचा. लग्नघरातले लोक बघतात आणि हसतात. एका मामांनी तर विचारलंच होतं, "अजून हरवला न्हाय, तवर हरवला म्हणून लिहून ठेवलाव व्हय?" हसेनात का. मी भित्री आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

लोहाऱ्यात माझा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. एरवी पासपोर्ट फोटो आणि शाळांचे ग्रुप फोटो, हंगामात लग्नं. फोटो काढणाऱ्या बायका आमच्या भागात बोटावर मोजण्याइतक्याच. त्यामुळं हळद, डोहाळजेवण, बांगड्या भरणं अशा बायकांच्या कार्यक्रमाला मला आवर्जून बोलावणं येतं. पुरुष फोटोग्राफरला जिथं ओसरीच्या पुढं येऊ देत नाहीत, तिथं मला आत पाट मिळतो. बायका माझ्यापुढं पदर सावरत नाहीत. हा विश्वास मला फार आवडतो आणि त्याचीच मला धास्तीही वाटते.

चोरीची भीती मला येरमाळ्यात लागली. यात्रेत एका घरच्या नवसाचे फोटो काढत होते. गर्दीत मान एकदम हलकी झाल्यासारखी वाटली. गळ्यातला पट्टा कुणीतरी ब्लेडनं कापला होता. कॅमेरा हातात घट्ट होता म्हणून वाचला, पण पट्ट्याचं कापलेलं टोक लोंबत राहिलं. ज्यानं कापला तो माझ्यापासून हातभर अंतरावर असणार, आणि कदाचित माझ्याबरोबरच देवीला हात जोडत असणार.

त्यानंतर मी जे जे उपाय केले, ते ऐकून माझ्या घरचेही कपाळाला हात लावतात. कॅमेऱ्याच्या तळावरचा नंबर मी पाठ केला. बिल आणि खोका कपाटात कुलपात ठेवला. कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावली. कॅमेऱ्याची काळी बॅग तर वापरायचीच सोडली, कारण ती बॅग लांबूनच ओरडून सांगते की माझ्यात काहीतरी महाग आहे. त्याऐवजी कॅमेरा एका पांढऱ्या टॉवेलात गुंडाळायचा आणि कापडदुकानात साडीबरोबर मिळते तसल्या पिशवीत घालायचा. जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले की शेजारची बाई विचारते, "काय आणलाव बाजारातनं?" मी सांगते, "टॉवेल." कुठल्या चोराला टॉवेल चोरावा वाटणार? ही युक्ती सुचली तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते.

त्या वर्षी उन्हाळ्यात जवळच्याच एका गावात लग्न होतं. नवरीची आई माझ्या जुन्या ओळखीची, त्यांच्या थोरल्या मुलीचंही लग्न मीच टिपलं होतं. मी त्यांना काकू म्हणते. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं रागावल्या किंवा घाबरल्या की त्या कानडीत बोलतात. या धाकट्या मुलीला मी शाळेच्या गणवेशात पासपोर्ट फोटोसाठी बसवलं होतं. तेव्हापासून ती मला ताई म्हणते. अंगानं बारीक, बोलायला कमी. आता तिला दिलेलं घर मोठं होतं आणि कडक होतं. सासरा कुठल्याशा संस्थेत, दीर दोन, आणि घरातल्या बायकांचे फोन घरातले पुरुष बघतात असं काकूंनीच मला दबक्या आवाजात सांगितलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सुरगी झाली. मागच्या अंगणात चार कोपऱ्यांत चार तांबे ठेवतात, त्यांच्याभोवती सुताचे वेढे देतात आणि मधे नवरीला बसवून हळद लावून पाणी घालतात. अंगणाला चारी बाजूंनी साड्या बांधल्या होत्या. आत फक्त बायका आणि मी. सुरुवातीला पोर पाय जवळ घेऊन गप्प बसली होती. मग कुणीतरी गार पाण्याचा अख्खा तांब्या तिच्या पाठीत ओतला आणि ती मान मागं टाकून हसली. इतकी मोकळी हसली, की बायकासुद्धा क्षणभर गप्प झाल्या. पिवळी साडी अंगाला चिकटलेली, खांद्यावरून पदर ढळलेला, केस तोंडावर. मी फोटो काढत गेले. त्यात वावगं काहीच नव्हतं. आईनं, बहिणीनं बघावं असंच ते सगळं होतं. पण तेच फोटो दुसऱ्या कुणाच्या फोनवर गेले असते, तर त्यांचा अर्थ दुसराच झाला असता.

आमच्या भागात तसं झालेलं होतं. एका मुलीचा साधा, नदीवर कपडे धुतानाचा फोटो कुणीतरी फोनवर फिरवला. खाली काहीबाही लिहिलेलं. ती मुलगी सासरी परत कधी गेली नाही. फोटो कुणी काढला, कुणी पाठवला, हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ते विचारायला कुणी गेलंही नाही. म्हणून माझा नेम असा, की बायकांच्या कार्यक्रमाचं कार्ड त्याच संध्याकाळी रिकामं करायचं आणि कपाटात ठेवायचं. त्या संध्याकाळी गावची डीपी जळाली होती, वीज नव्हती. लॅपटॉप बंद, माझा मुक्काम त्याच घरी. म्हटलं, उद्या घरी गेल्यावर करू. कार्ड कॅमेऱ्यातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात अक्षता पडल्या, स्टेजवरचे फोटो झाले, आणि पाठवणीच्या आधी मला जेवून घ्यायला सांगितलं. स्टेजमागच्या खोलीत काकूंनी आहेराच्या पिशव्या लावून ठेवल्या होत्या. सगळ्या एकाच कापडदुकानाच्या. प्रत्येक पिशवीत खाली साडी आणि वर टॉवेल-टोपी. मी माझी पिशवी त्या रांगेच्या टोकाला ठेवली. इतक्या पिशव्यांत एक पिशवी, वर तोच पांढरा टॉवेल. चोराला काय, मलासुद्धा ओळखता आली नसती. हे मला त्या क्षणी फार शहाणपणाचं वाटलं.

जेवून आले तर रांग संपत आलेली होती. निघालेल्या पाहुण्यांना आहेर वाटला जात होता. माझी पिशवी नव्हती. मी उरलेल्या पिशव्या एकेक करून उघडल्या. साडी, टॉवेल, टोपी. साडी, टॉवेल, टोपी. पहिल्यांदा कॅमेऱ्याचाच विचार आला, तो माझ्या पोटापाण्याचा होता. मग एकदम ती पाण्यात भिजलेली पोर डोळ्यापुढं आली आणि मी खालीच बसले.

पाठवणीचे फोटो व्हिडिओवाल्यानं काढले. मी सांगितलं, बॅटरी उतरली. नवरी गळ्यात पडून रडायला लागली तशी मीही रडले, आणि बायका म्हणाल्या, फोटोवाल्या ताईंना केवढी माया. ती माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, कालचे फोटो तेवढे तुमच्यापशीच ठिवा. इकडं नका पाठवू." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

गाड्या गेल्यावर मी काकूंना कोपऱ्यात घेऊन सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "सुरगीचे बी त्यातच?" मी हो म्हणाले. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो इतका आवळला गेला की बांगडी रुतली. मग म्हणाल्या, "काकांना सांगायचं न्हाय. कुणालाच न्हाय. झाकली मूठ." ग्रुपवर टाकायचं नाही, पाहुण्यांना फोन लावायचे नाहीत. कॅमेरा हरवला म्हटलं की त्यात काय होतं हे विचारणार, आणि ते विचारणं नवरीच्या सासरी पोचायला संध्याकाळसुद्धा लागणार नाही.

पुढचे दिवस माझा जीव फोनला टांगलेला होता. तुम्ही म्हणाल, सापडला असता तर फोन आला असता, त्यासाठीच तर तो कागद. मलाही आधी तसंच वाटलं. मग स्वयंपाक करता करता लख्ख कळलं आणि उलथणं हातातच राहिलं. माझा नंबर कार्डावर पहिला. तिथपर्यंत पोचायचं तर ज्याला कॅमेरा सापडला त्यानं बटण दाबून मागं मागं जायला हवं. स्टेजवरून मागं, अक्षतांवरून मागं, आणि सगळी सुरगी पार करून. म्हणजे फोन आला तर त्या माणसानं सगळं पाहिलेलं असणार. चोरापासून राखण म्हणून मी जो कागद लावला, त्यानंच मी अनोळखी माणसाला आमंत्रण दिलं होतं की बघा बाबा, सगळं बघा, शेवटी माझा नंबर आहे.

फोन वाजला की एक भीती, आणि वाजला नाही की दुसरी भीती. त्यानं बघितलंय आणि तो गप्प आहे. चार्जर माझ्याकडं होता, बॅटरी कधीतरी संपणार होती, एवढाच आधार. पण कार्ड काढून मोबाईलला जोडायला आता कोण शिकायचं राहिलंय? रस्त्याच्या कडेला पोरं एका फोनवर डोकी घालून हसताना दिसली की माझे पाय जागीच थबकायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. फक्त माझ्या राक्षसाच्या हातात फोन होता.

घरच्यांना मी कॅमेरा गेला एवढंच सांगितलं होतं. ते म्हणाले, पोलिसात जा, बिल आहे, नंबर आहे. मी बिल घेऊन गेलेही. फाटकापर्यंत. मोबाईल हरवला तर त्याचा माग निघतो, कॅमेरा मुका. तो शोधायचा तर माणसांनाच विचारावं लागणार. मग कार्डात काय होतं हे मला सांगावं लागेल, ते लिहून घेतलं जाईल, आणि कॅमेरा सापडलाच तर ओळख पटवायला ते फोटो टेबलावर उघडले जातील. फाटकाशी उभ्या शिपायानं विचारलं, "काय काम हाय?" मी म्हणाले, "काही नाही," आणि परत फिरले.

त्यातच नवरीचा आईला फोन आला. सासरी फोटो मागायलेत, म्हणाली. काकूंनी सांगितलं, ताईंकडं काम लई हाय, वेळ लागंल. पलीकडं तिला ते पटलं नाही. मग एवढंच म्हणाली, "आई, काय झालंय?" आईचा आवाज लेकीला कळतोच. काकूंना खरं सांगावं लागलं. आता एकाच गोष्टीला भिणाऱ्या आम्ही तिघी झालो, आणि त्यातली एक परक्या घरात, डोक्यावर पदर घेऊन, रोज दिरांच्या हातातल्या फोनकडं बघत.

सुटका झाली ती काकूंच्या मानपानाच्या सवयीनं. कार्यालयातून आलेलं सामान त्यांनी घरी उघडलं तेव्हा आहेराची एक पिशवी जास्तीची निघाली. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि ती पिशवी माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "बघ. कुणीतरी आपली सोडून तुजी नेलीय. चोर न्हाय, पाहुणाच हाय." मला कसलंच काही सुधरेना. त्यांनी पिशवीतून साडी काढली. नऊवारी, जांभळी, बिनजरीची. सवाष्णीच्या साडीखाली ठेवतात तो खण नव्हता, हिरव्या बांगड्या नव्हत्या. त्या साडीकडं बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही बेंबळीच्या वन्संची," म्हणाल्या. वन्सं म्हणजे काकांची चुलत बहीण, थोरली, तरुणपणीच नवरा गेलेली. खण नसलेली पिशवी अख्ख्या लग्नात ती एकच होती. मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. सवाष्णींना काकूंनी पाटावर बसवून, ओटी भरून, पिशवी हातात दिली होती. वन्सं दाराशी उभ्या होत्या, जीप निघायची घाई होती. विधवेची ओटी भरत नाहीत. काकू त्यांना म्हणाल्या होत्या, "वन्सं, तुमची तिकडं टोकाला ठेवलीया, घ्या." आणि वन्संनी टोकाची पिशवी घेतली. टोकाला माझी होती.

"हातानं दिली असती तर हे झालंच नसतं," काकू म्हणाल्या. मला तेव्हा फक्त बेंबळी दिसत होती. आणि एक गोष्ट छळत होती. इतके दिवस झाले, पिशवी उघडली नसेल असं होणार नाही. मग कळवलं का नाही?

काकूंनी सांगितलं की त्या घरात वन्सं आणि त्यांचा मुलगा, दोघंच. मुलाचं लग्न जमत नव्हतं. लग्न न जमलेला तरुण मुलगा, हातात मोबाईल, आणि घरात तो कॅमेरा. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण बसमध्ये बसेपर्यंत मी त्याला गुन्हेगार ठरवून टाकलं होतं.

बेंबळीला जाताना काकूंनी जांभळी साडी बदलून जरीची घेतली होती आणि सोबत फळं. ठरवलं होतं की आहेर बदलला एवढंच म्हणायचं. वाटेत त्या एकदाच बोलल्या, माझ्या हातावर हात ठेवून, कानडीत, "अंजब्याड." भिऊ नको. त्यांचाच हात बर्फासारखा होता.

घर पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. मुलगा फवारणीचा पंप खोलून बसला होता. पंचविशी-तिशीचा, हात तेलकट. त्याचा फोन शेजारी दगडावर उपडा ठेवलेला. मी आधी त्या फोनकडं पाहिलं. त्यानं आम्हाला बघून मान खाली घातली आणि आत हाक मारली, "आई, मामी आल्यात."

वन्सं बाहेर आल्या. या म्हणाल्या, पण बसा म्हणायला वेळ लावला. "याद आली म्हणायची," म्हणाल्या.

काकूंनी पुढं होऊन साडी त्यांच्या ओंजळीत ठेवली, दोन्ही हातांनी. "वन्सं, गडबडीत पिशवी बदलली. तुमचा आहेर आमच्यातच राहिला. माफ करा."

म्हाताऱ्या बाईचे ओठ हलायला लागले. "बदलली व्हय. मला वाटलं, मुद्दाम केलंय. टोकाची घे म्हणलीस तर टोकाची घेतली. घरी येऊन टॉवेल सोडला तर ही वस्तू."

"मग एक फोन करायचा की वन्सं."

"काय म्हणून करू? लग्नघरातली दागिन्यासारखी वस्तू माझ्या पिशवीत निघाली. नेली व्हती, पचली न्हाय म्हणून आणून दिली, असं चार बाया म्हणल्याच असत्या. एकटीनं पोरगं वाढवलंय म्या. कुणाला बोट दाखवू दिलं न्हाय आजवर. कुणी दारात आलं की जीव थाऱ्यावर राहत नव्हता माजा. आज आलीस, बरं झालं."

त्या आत गेल्या. आम्हीही मागोमाग गेलो. ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण काढून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि माझाच पांढरा टॉवेल वर काढला. ज्वारीचे दाणे घरभर सांडले. मी कॅमेरा उराशी धरला. त्याला धान्याचा वास येत होता. कार्ड जागेवर होतं. मला रडू यायला लागलं, आणि त्याच क्षणी नवी भीती सुरू झाली.

मी विचारलं, "मावशी, कुणी चालू करून बघितला का हो?"

दारात मुलगा येऊन उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "काय हाय त्याच्यात?"

काही नाही म्हणावं तर विचारते कशाला, आणि सांगावं तर बघितलं नसलं तरी आता कळलंच. मी म्हणाले, "तसं नाही भाऊ."

"मग कसं? इतके दिस तुमची वस्तू धान्यात राखली. आमाला चोर समजून आलाव तुमी. मामी तोंडानं गोड बोलायल्यात, पर तुमची नजर म्या बघितली की. आल्या आल्या माज्या फोनवर गेली."

ते खरं होतं. वन्सं त्याला गप्प बस म्हणाल्या. काकूंनी चहा मागून घेतला, कारण चहा न घेता निघालो असतो तर ते भांडण झालं असतं. निघताना त्यानं कॅमेऱ्याची पिशवी रस्त्यापर्यंत आणून दिली आणि माझ्याकडं न बघता ती काकूंच्या हातात दिली.

बसमध्ये मी खिडकीकडं वळून, पदराच्या आडोशानं कॅमेरा चालू केला. बॅटरी शेवटच्या रेघेवर होती. लग्नातल्या शेवटच्या फोटोनंतर आणखी दोन फोटो होते. एकात पत्र्याचं छत, हललेलं. दुसऱ्यात नुसता अंधार आणि कडेला कुणाचं तरी बोट. म्हणजे कुणीतरी चालू केला होता. बोट म्हातारं होतं की तरुण, हे मी पडदा डोळ्याला लावून बघितलं तरी कळेना. चालू केलं म्हणजे जुने फोटो बघितले असं होत नाही, त्याचं बटण वेगळं असतं. पण ते बटण शोधायला काही अक्कल लागत नाही. आणि कोण बघून गेलं, हे कॅमेरा कधीच सांगत नाही.

काकूंनी विचारलं, "कुणी बघितले का गं?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी लेकीला तसंच कळवलं. माझ्या एका शब्दावर त्या मायलेकी निश्चिंत झोपणार होत्या, आणि तो शब्द मी हवेतून काढला होता.

लग्नाचे फोटो सासरी गेले, अल्बम झाला. सुरगीचे फोटो मी लॅपटॉपवर घेतलेच नाहीत. ते कार्ड काढून कपाटाच्या आतल्या कप्प्यात, कुलपात ठेवलं. कुठं काही फिरलं नाही, कुणी काही बोललं नाही. तरी फोनवर अनोळखी नंबरवरून फोटो आला की तो उघडायच्या आधी मी पाणी पिऊन घ्यायचे. बहुतेक वेळा ‘सुप्रभात’ असायचं. वन्संच्या मुलाचं लग्न जमल्याचं काकूंनी सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला की, बरं झालं, आता तो दुसरीकडं बघेल. आपल्या मनात असलं काही येतं याची मला किळस आली. पण आलं ते आलं.

पंचमीला नवरी माहेरी आली आणि एका दुपारी एकटीच स्टुडिओत आली. अंग भरलं होतं, डोक्यावरचा पदर हलत नव्हता. म्हणाली, "ताई, ते फोटो बघायचेत." मी दार ओढून घेतलं, कार्ड काढून कॅमेऱ्यात घातलं, सुरगीच्या पहिल्या फोटोवर आणलं आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. ती एकेक फोटो बघत गेली, मग मला विचारून एकेक पुसायला लागली. कॅमेरा दर वेळी विचारायचा, नक्की पुसायचा का, आणि ती हो म्हणत होती. घाई नव्हती, रागही नव्हता. घर झाडावं तसं चाललं होतं.

शेवटी सुरगीचा एकच राहिला. मान मागं टाकून हसतानाचा. तिनं तो मोठा करून पाहिला. स्वतःचाच चेहरा ती असं बघत होती, जसं कुणा ओळखीच्या पण पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या बाईकडं बघावं.

"इतकं हसले व्हते म्या?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "हो. सगळ्या बायका बघत राहिल्या होत्या."

"घरी तर ठेवता यायचा न्हाय. फोन बघतात." ती थांबली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, हा एकच तुमच्यापशी ठिवता का? लपवून. कधी आले तर बघीन."

कपाट होतं, कुलूप होतं, किल्ली माझ्या गळ्यात होती. मला तो पत्र्याच्या छताचा फोटो आठवला, कडेचं ते बोट आठवलं, आणि पुन्हा ते सगळे दिवस, तो फोन वाजणं. मी म्हणाले, "नको गं. पुसून टाक. कशाला उगीच जिवाला घोर?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "बरं," आणि तिनं स्वतःच बटण दाबलं.